सर्व्हरवरच्या फायली आपोआप बिघडतात तेव्हा: आधी काय, नंतर काय

"सर, कालपर्यंत उघडत होती, आज उघडत नाही." छोट्या ऑफिसातला वेब सर्व्हर सांभाळणाऱ्याला हा फोन कधी ना कधी येतोच. मग बहुतेक जण ठरलेल्या तीन गोष्टी करतात. सर्व्हर रीस्टार्ट करतात, बॅकअपमधली फाईल परत चढवतात आणि वर डिस्कदुरुस्तीही चालवून टाकतात. फाईल उघडते, सगळे चहाला जातात, आणि आठवड्याभरात दुसरी फाईल जाते. रीस्टार्टमुळे मेमरीतला पुरावा गेलेला असतो, बॅकअपने बिघडलेली प्रत पुसलेली असते. रॅमच खराब असेल तर डिस्कदुरुस्तीने धड असलेल्या नोंदीही बिघडवून ठेवलेल्या असतात.

म्हणून दुरुस्ती सगळ्यात शेवटी. फाईल नेमकी कुठे बिघडली आहे, डिस्कवर, मेमरीत की वाटेत, हे आधी शोधायचं.

इथे गृहीत धरलेला सर्व्हर असा: कोपऱ्यातला एक साधा डेस्कटॉप, त्यावर उबुंटू किंवा डेबियन, अपाची नाहीतर एनजिनएक्स, एक्स्ट४ फाईल सिस्टम आणि ईसीसी (स्वतःच्या चुका पकडून दुरुस्त करायची सोय) नसलेली साधी रॅम. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. बाइटचे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर आहेत, त्यामुळे 'ई० ए४' असं जिथे दिसेल तिथे स्क्रीनवर इंग्रजी ई आणि ए असतील.

## तयारी

एक वही घ्या. फाईलचं नाव, कोणाला कधी दिसलं, कोणत्या मशीनवरून उघडली, हे सगळं वेळेसकट लिहा. "परवा कधीतरी" ही नोंद नव्हे. पुढे वीज गेल्याच्या वेळेशी किंवा रात्रीच्या बॅकअपच्या वेळेशी ती जुळवून बघायची आहे.

वहीबरोबर एवढं हाताशी ठेवा:

- पुरेशी जागा असलेली बाहेरची डिस्क. स्वस्तात मिळालेला भल्यामोठ्या क्षमतेचा पेनड्राइव्ह नको. त्यातले काही खोटी क्षमता सांगतात आणि भरत आले की आधीचंच पुसतात. शंका असेल तर एफ३ हे साधन चालवून बघा.
- बिघडलेल्या फाईलची खात्रीची मूळ प्रत. ती बॅकअपमध्येच असते असं नाही. पाठवलेल्या मेलमध्ये, छापखान्याकडे किंवा ज्याने फाईल बनवली त्याच्या लॅपटॉपवरही सापडते.
- रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ टाकलेला पेनड्राइव्ह आणि डिस्क जोडायची एक नवी साटा केबल.
- एक पूर्ण रात्र सर्व्हर बंद ठेवायची परवानगी. ही आजच मागून ठेवा, कारण ऐनवेळी "उद्या रिटर्न भरायचेत" हे ठरलेलं उत्तर येतं.

## टप्पा १: आपोआप चालणारी कामं थांबवा

सात दिवसांच्या प्रती ठेवून आठवी पुसणारा बॅकअप असेल, तर तुमची चांगली प्रत रोज एक दिवस मरणाच्या जवळ जाते आहे. तो आधी थांबवा. क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) फक्त रूटचा बघून भागत नाही. वेब सर्व्हरच्या यूजरचा क्रॉनटॅब, क्रॉन.डी फोल्डर आणि सिस्टमडीचे टायमर हेही बघा. 'डिलीट' पर्यायासकट चालणारा आरसिंक (फायलींच्या प्रती जुळवून ठेवणारा प्रोग्राम) सगळ्यात आधी बंद करा. आपोआप होणारे अपडेटही दोन दिवस थांबले तरी चालतील.

सावधान: रीस्टार्ट करू नका. सर्व्हर हळू चालत असला तरी नाही.

आधी हे बघा: एकाच वेळी शेकडो फायलींची नावं बदलली आहेत का? अनोळखी एक्स्टेन्शन लागलंय का? पैशांची मागणी करणारी मजकुराची फाईल दिसते का? असेल तर हा लेख बाजूला ठेवा, नेटवर्कची केबल काढा आणि तो हल्ला समजूनच पुढे चला. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचा असतो, आणि त्यात कंपन्याही येतात.

## टप्पा २: बिघडलेली प्रत जपून ठेवा

बिघडलेली फाईल तारखा कायम ठेवून बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग सर्व्हरवरच्या मूळ फाईलवर स्टॅट चालवा. आकार, बदलाची वेळ म्हणजे एमटाइम आणि नोंद बदलल्याची वेळ म्हणजे सीटाइम, तिन्ही वहीत उतरवा.

एमटाइम कोणताही प्रोग्राम हवा तसा मागेपुढे करू शकतो. सीटाइम तितक्या सहज हलत नाही. त्यामुळे दोन निष्कर्ष निघतात. एमटाइम जुना पण सीटाइम परवाचा असेल, तर फाईलला किंवा तिच्या परवानग्यांना कोणीतरी हात लावलाय. दोन्ही वेळा जुन्या आणि तरी मजकूर वेगळा असेल, तर नेहमीच्या मार्गाने ती फाईल कोणीच लिहिलेली नाही. मग संशय हार्डवेअरवर.

या एका तपासणीने अर्धी भांडणं मिटतात. "आमच्याकडून कोणी काही केलं नाही" हे खरं आहे की नाही, ते इथे कळतं.

## टप्पा ३: बिघाड कुठे आहे ते ठरवा

सगळ्या लेखातला हा महत्त्वाचा टप्पा, आणि नेमका हाच गाळला जातो.

लिनक्स एकदा वाचलेली फाईल मेमरीत, म्हणजे पेज कॅशमध्ये ठेवतं. पुढच्या वेळी डिस्कला विचारतही नाही. त्यामुळे डिस्कवर फाईल धड, पण कॅशमधली प्रत बिघडलेली, असं सहज होतं. कॉपी करताना, बॅकअप घेताना, ब्राउझरला पाठवताना, सगळीकडे ती बिघडलेलीच प्रत जाते. रीस्टार्ट केलं की कॅश रिकामी होते, फाईल "आपोआप बरी" होते आणि तुमच्या हाती काहीच उरत नाही.

क्रम असा ठेवा:

1. शा२५६सम वापरून त्या फाईलची बेरीज (चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेली ओळखखूण) काढा. लागोपाठ पाच वेळा. पाचही सारख्या येतात का?
2. डीडी वापरून तीच फाईल 'आयफ्लॅग=डायरेक्ट' पर्यायाने वाचा, ब्लॉकचा आकार १ एमबी ठेवा आणि आलेल्या मजकुराची बेरीज काढा. या पद्धतीत कॅश टाळून थेट डिस्कवरून वाचलं जातं, आणि कॅशमधला पुरावाही जागेवर राहतो.
3. तीच फाईल ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनवरून ब्राउझरने उतरवून तिची बेरीज काढा.
4. खात्रीच्या मूळ प्रतीची बेरीज काढा.

आता चारही आकडे वहीत एकाखाली एक लिहा.

पहिल्या आणि दुसऱ्या पायरीचे आकडे जुळले नाहीत, किंवा पाच वेळच्या बेरजा आपसांतच वेगळ्या आल्या, तर रॅम हा पहिला संशयित. टप्पा ६ कडे जा. सर्व्हरवरची बेरीज मूळ प्रतीशी जुळते पण उतरवलेली जुळत नाही, तर फाईल धड आहे आणि बिघाड पोचवण्यात आहे. तो टप्पा ५. सर्व्हरवरची बेरीज प्रत्येक वेळी सारखी आणि प्रत्येक वेळी चुकीची असेल, तर बिघाड डिस्कवर उतरला आहे. तो कशाने उतरला, ते बाइट बघितल्याशिवाय कळणार नाही.

सावधान: कॅश रिकामी करण्याची आज्ञा दुसरी पायरी झाल्याशिवाय देऊ नका. त्या आज्ञेने रीस्टार्टइतकंच नुकसान होतं.

## टप्पा ४: बाइट बघा

आधी दोन्ही फायलींचा आकार जुळवा. आकार सारखा असेल तर सीएमपीला 'एल' पर्याय देऊन तुलना करा. जिथे जिथे फरक आहे तिथला क्रमांक आणि दोन्ही बाइट मिळतील. सीएमपी बाइट ऑक्टलमध्ये, म्हणजे आठच्या पायावर छापतं आणि मोजणी १ पासून करतं, हे विसरू नका. आकार वेगळा असेल तर सीएमपीचा उपयोग नाही. एक बाइट जरी मध्ये सरकला तरी पुढचं सगळंच वेगळं दिसतं. अशा वेळी एक्सएक्सडीने (बाइट हेक्समध्ये दाखवणाऱ्या आज्ञेने) दोन्ही फायलींची सुरुवात आणि शेवट शेजारी शेजारी ठेवा.

फरक कसा दिसतो त्यावरून कारण ओळखता येतं. एकच बिट उलटलेला. एका ऑफिसात पावतीच्या साच्यात 'एकूण'च्या जागी 'एगूण' येऊ लागलं. टायपिंग करणाऱ्या ताईंना दोनदा बोलणी बसली. साच्याचा एमटाइम मात्र चार महिन्यांपूर्वीचा. सीएमपीने एकच फरक दाखवला: २२५ च्या जागी २२७, म्हणजे हेक्समध्ये ९५ च्या जागी ९७. यूटीएफ-८ मध्ये 'क' म्हणजे ई० ए४ ९५ आणि 'ग' म्हणजे ई० ए४ ९७. ९५ चे बिट १००१०१०१, ९७ चे १००१०१११. एक बिट फिरला की क चा ग होतो. त्याच्या शेजारच्या शेजारचा फिरला असता तर 'एझूण' छापलं गेलं असतं आणि ताईंवरचा आळ आपोआप टळला असता. थेट डिस्कवरून वाचलेला साचा धड होता. म्हणजे दोष रॅमचा. त्याआधी दोनदा रीस्टार्ट करून "बरं" केलेलं होतं.

असे दोन-तीन नमुने हाती आले तर एक सोपं गणित करा. फरकाच्या क्रमांकातून १ वजा करा, ४०९६ ने भागा, बाकी लिहा. वेगवेगळ्या फायलींत बाकी तीच येत असेल तर मेमरीतली एकच पेशी खराब आहे असं जवळजवळ धरून चाला, कारण कॅशची पानं ४०९६ बाइटची असतात.

ओळीच्या शेवटाची अदलाबदल. पीएनजी चित्र ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए या आठ बाइटने सुरू झालं पाहिजे. ०डी गायब होऊन ४७ नंतर थेट ०ए आलं असेल, तर कोणीतरी एफटीपीच्या आस्की (मजकुरासाठीच्या) मोडमध्ये चित्र चढवलंय. हा बिघाड पकडता यावा म्हणूनच ते दोन बाइट तिथे ठेवलेले आहेत. उपाय: बायनरी मोड, आणि जमलं तर एफटीपी सोडून एसएफटीपी.

जागोजागी ईएफ बीएफ बीडी. बायनरी फाईल कोणीतरी मजकूर समजून उघडली आणि सेव्ह केली, किंवा एखाद्या स्क्रिप्टने तसं केलं. ओळखू न आलेल्या प्रत्येक बाइटच्या जागी हे तीन बाइट बसतात. मूळ बाइट परत मिळत नाहीत. दुसरी प्रत शोधा.

मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले ए. ई० ए४ च्या जागी सी३ ए० सी२ ए४ दिसत असेल, तर यूटीएफ-८ मजकूर लॅटिन-१ समजून पुन्हा यूटीएफ-८ केला गेलाय. हा हार्डवेअरचा दोष नाही. डेटाबेसच्या कनेक्शनचा किंवा एक्सेलमधून सीएसव्ही काढताना निवडलेल्या एन्कोडिंगचा आहे. बहुतेक वेळा उलट दिशेने बदलून मजकूर परत मिळतो, तेव्हा घाईने पुन्हा टाइप करायला बसू नका.

फाईल शून्य बाइटची, अर्धवट, किंवा शेवटी नुसती शून्यं. वीज गेली किंवा डिस्क भरली. 'लास्ट'ला 'एक्स' पर्याय देऊन मशीन कधी पडलं ते बघा आणि फाईलच्या वेळेशी जुळवा. इन्व्हर्टर असूनही मशीन पडत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं यूपीएस मोडचं बटण बघा. ते साध्या मोडवर असलं की वीज जाताना होणारा बदल दिवे-पंख्यांना चालतो, संगणकाला नेहमी चालत नाही.

४०९६ किंवा ५१२ च्या पटीत सलग तुकडा परका. दुसऱ्याच फाईलचा मजकूर मध्ये आलाय. फाईल सिस्टम किंवा डिस्क. टप्पा ७.

सुरुवातीला किंवा शेवटी न लिहिलेला कोड. पीएचपी किंवा जावास्क्रिप्ट फाईलच्या टोकाला अगम्य अक्षरांची लांबलचक ओळ असेल तर घुसखोरी झाली आहे. टप्पा १ मधल्या इशाऱ्याकडे परत जा.

## टप्पा ५: फाईल धड, पण पोचताना बिघडते

तीच फाईल आधी सर्व्हरवरूनच लोकलहोस्टने (म्हणजे त्याच मशीनकडून) मागवा, मग ऑफिसच्या नेटवर्कवरून, मग मोबाईल डेटावरून. बेरीज जिथे पहिल्यांदा चुकते तिथे दोष.

लोकलहोस्टवरच चुकत असेल तर बहुधा पीएचपी. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट किंवा शेवटी एखादी रिकामी ओळ राहिली की ती प्रत्येक पीडीएफला चिकटते. पीडीएफ २५ ५० ४४ ४६ ने सुरू झालं पाहिजे. १एफ ८बी ने सुरू होत असेल तर ते दाबलेल्याच अवस्थेत पोचलंय. वेबसाइटचं फोल्डर नेटवर्कवरून किंवा व्हर्च्युअल मशीनच्या शेअर्ड फोल्डरमधून जोडलेलं असेल तर सेंडफाईल (फाईल थेट पाठवायची वेब सर्व्हरची सेटिंग) बंद करून बघा. अपाचीमध्ये एमएमॅपही बंद करा.

## टप्पा ६: रॅम

डिस्कच्या आधी रॅम. हा क्रम बदलू नका.

रात्री सर्व्हर नीट बंद करा आणि मेमटेस्ट८६+ वरून सुरू करा. बायोसमधला सिक्युअर बूट आड आला तर तेवढ्यापुरता बंद करा. किमान चार फेऱ्या होऊ द्या. पाच मिनिटं हिरवं दिसलं म्हणून उठू नका. एक जरी चूक आली तरी निकाल लागला. "एवढ्याशा चुकीने काय होतं" याचं उत्तर वर 'एगूण'ने दिलंय.

चूक आली की एकेक पट्टी लावून तपासा. रॅमचा वेग एक्सएमपीने (बायोसमधल्या सेटिंगने) वाढवलेला असेल तर तो साधा करून पुन्हा बघा. पट्टीच्या सोनेरी टोकांना खोडरबर घासायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. कधी कधी फायदाही होतो, पण घासल्यावर पुन्हा रात्रभर चाचणी घेतल्याशिवाय ती पट्टी परत कामाला लावू नका.

तपासा: चाचणी स्वच्छ आली म्हणजे रॅम निर्दोष ठरली असं नाही. टप्पा ३ मध्ये कॅश आणि डिस्क यांच्या बेरजा वेगळ्या आल्या होत्या तर पट्टी तरीही बदला. पट्टीच्या किमतीपेक्षा तुमच्या रात्री महाग आहेत.

## टप्पा ७: केबल आणि डिस्क

संशय सगळ्यांचा आधी डिस्कवर जातो. पण डिस्क प्रत्येक सेक्टरबरोबर स्वतःचा दुरुस्तीचा कोड ठेवते. सेक्टर गेला तर ती सहसा चुकीचं अक्षर देत नाही, इनपुट-आउटपुट एरर देते आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) तसं लिहिलेलं सापडतं. गुपचूप बदललेली अक्षरं हे तिचं नेहमीचं लक्षण नव्हे.

स्मार्टसीटीएलने डिस्कच्या तब्येतीचा पूर्ण अहवाल काढा. चार ओळी बघायच्या: ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाट बघत असलेले, १९८ म्हणजे वाचता न आलेले, आणि १९९ म्हणजे केबलवरच्या सीआरसी चुका. १९७ किंवा १९८ शून्याच्या वर असेल तर डिस्क बदलायच्या तयारीला लागा. १९९ वाढला असेल तर डिस्क नव्हे, केबल बदला. १९९ चा आकडा परत शून्य होत नाही. आजचा आकडा लिहा, केबल बदला, आठवड्याने पुन्हा बघा. वाढला नाही तर काम झालं.

एनव्हीएमई प्रकारची एसएसडी असेल तर हे क्रमांक दिसणार नाहीत. तिथे मीडिया आणि डेटा इंटिग्रिटी चुकांची ओळ बघा.

सावधान: एफएससीके (डिस्कदुरुस्तीची आज्ञा) चालू, जोडलेल्या विभाजनावर कधीही चालवू नका. डिस्क जात चालली असेल तर आधी डीडीरेस्क्यूने सगळ्या डिस्कची प्रतिमा घ्या, मग दुरुस्ती. आणि टप्पा ६ झाल्याशिवाय दोन्ही नको. खराब रॅमवर चालणारं एफएससीके धड नोंदींनाच चूक ठरवतं आणि "सुधारतं".

## टप्पा ८: लिहिणारा कोण?

हार्डवेअर स्वच्छ निघालं तर प्रोग्रामकडे वळा. डीएफने जागा बघा, आणि 'आय' पर्यायाने आयनोडही (प्रत्येक फाईलमागे लागणारी एक नोंद). लाखो छोट्या सेशन फायलींनी आयनोड संपतात, जागा मात्र भरपूर दिसते. मग ऑडिटडीने त्या फोल्डरवर पहारा लावा. दोन दिवसांत कोणता प्रोग्राम कधी लिहितो ते समोर येईल. बऱ्याचदा दोन क्रॉन एकाच मिनिटाला एकाच फाईलवर लिहीत असतात. स्क्रिप्ट तुमची असेल तर तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहून, एफसिंक करून (ते डिस्कवर उतरवून), मग नाव बदलायची सवय लावा.

## टप्पा ९: आता परत चढवा

कारण सापडलं, दूर केलं, त्यानंतरच.

बॅकअप थेट चालू फोल्डरवर ओतू नका. वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा आणि बेरजा जुळवा. इथे आरसिंकची एक गोष्ट तुमच्या बाजूने असते. नेहमीच्या चालीत तो फक्त आकार आणि एमटाइम बघतो. डिस्कवर गुपचूप बिघडलेल्या फाईलचे दोन्ही तसेच असल्याने तो तिला हात लावत नाही, आणि बॅकअपमधली धड प्रत टिकून राहते. पण सर्व्हरकडून बॅकअपकडे जाताना "जरा नीट तपासू" म्हणून 'चेकसम' पर्याय लावलात, तर बिघडलेली प्रत धड प्रतीवर बसते.

रॅम खराब निघाली असेल, तर खराब असण्याच्या काळात लिहिलेलं सगळं संशयास्पद. डेबसम्सने सिस्टमच्या फायली तपासा, डेटाबेसचा पूर्ण डंप काढून तो दुसऱ्या मशीनवर चढतो का बघा, आणि त्या काळातल्या महत्त्वाच्या याद्या ऑफिसातल्या माणसांकडून छापील कागदाशी पडताळून घ्या.

शेवटी थांबवलेले क्रॉन आणि टायमर एकेक करून सुरू करा. त्यात एका नव्याची भर घाला: रोज रात्री सगळ्या फायलींच्या शा२५६ बेरजा आणि एमटाइम काढून दुसऱ्या मशीनवर ठेवायचे, आणि कालच्या यादीशी तुलना करायची. बेरीज बदलली आणि एमटाइमही बदलला, तर कोणीतरी काम केलंय, सोडून द्या. बेरीज बदलली आणि एमटाइम जुनाच, तर त्याच रात्री मेल यायला हवा. मेल आला की रीस्टार्ट न करता टप्पा १ पासून सुरू करा.